मुंबई पाहायला आलेल्या कुटुंबाला रात्री टेकायला जागा हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : मर्यादित खर्चात मुंबई पाहणाऱ्या ग्रामीण कुटुंबांच्या सोयीबाबत.

महोदय,

दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्या आल्या की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सहलींचे लेख व जाहिराती येऊ लागतात. त्यांत मुंबईचा उल्लेख बहुधा विमानतळ किंवा मोठी हॉटेले यांच्या निमित्ताने होतो. महाराष्ट्राच्या एखाद्या तालुक्यातील कुटुंबाने दोन-तीन दिवस राहून पाहावे असे शहर म्हणून तिच्याविषयी क्वचितच लिहिले जाते. आमच्या भागात तर ‘मुंबईला जायचे म्हणजे पैशाची पिशवी मोकळी करायची’ असा समज इतका पक्का आहे की दवाखाना, मंत्रालय किंवा मुलाची नोकरी यांखेरीज कोणी तिकडे फिरकत नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी, माझी पत्नी, सहावीत शिकणारी नात आणि तिसरीत शिकणारा नातू असे चौघे तीन दिवस मुंबई पाहून आलो. बार्शीतून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा सगळा खर्च ९,६४० रुपये झाला. तो समज किती खरा आणि किती खोटा, हे त्या तीन दिवसांच्या अनुभवावरून सांगावे व संबंधितांकडे एक मागणी करावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

खर्च आटोक्यात ठेवण्याची सुरुवात गाडीपासूनच होते. बार्शीहून कुर्डुवाडीपर्यंत आम्ही एसटीने गेलो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, त्यामुळे पत्नी आणि नात यांचे तिकीट अर्ध्यावर आले. कुर्डुवाडीहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरता येते आणि परतीची गाडीही रात्रीचीच असल्याने मुंबईत तीन पूर्ण दिवस मिळूनही मुक्कामाच्या दोनच रात्री भराव्या लागतात. आम्ही शयनयान वर्गाचे आरक्षण दोन महिने आधी केले होते. येथे एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या काळात बंद झालेली ती सवलत अद्याप पूर्ववत झालेली नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने नातवंडांना घेऊन कुठे जायचे ठरवले, तर या एका कारणाने हिशेब बराच बदलतो.

दिवस निवडताना आम्ही थोडी काळजी घेतली होती. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि तिच्या आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते. म्हणून आम्ही गुरुवारी सकाळी पोहोचलो आणि शनिवारी रात्री परत निघालो. ही साधी माहिती ज्यांना नसते ते लहान मुलांना घेऊन बंद फाटकापर्यंत जातात आणि मग टॅक्सी, मॉल, खेळण्यांची दुकाने यांत पैसा जातो. प्रत्येक एसटी स्थानकावर आणि रेल्वेच्या चौकशी खिडकीशेजारी साप्ताहिक सुटीचा एक फलक मराठीत लावणे फार अवघड नसावे.

पहिल्या दिवशी आम्ही भायखळ्याला गेलो. सकाळच्या वेळी लोकलची सगळी गर्दी टर्मिनसकडे येणारी असते आणि आपण तिथून बाहेरच्या दिशेने निघालो की डब्यात बसायला जागा मिळते. हे मुंबईकरांना रोजचे असले तरी आम्हा बाहेरगावच्यांना कोणी सांगत नाही. टर्मिनसवरून भायखळा स्लो गाडीने तिसरे स्थानक आणि तिकीट माणशी पाच रुपये. पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहायचे नसेल तर उपनगरी रेल्वेचा एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पासही खिडकीवर मिळतो. याच मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातील पहिली प्रवासी रेल्वे धावली, हे मी वर्गात तीस वर्षे शिकवले. नातवंडांना त्याच रुळांवरून नेताना ते सांगण्यात निराळाच आनंद होता. भायखळ्याचे जुने स्थानक जीर्णोद्धारानंतर पुन्हा देखणे झाले आहे आणि २०२२ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला आहे. उतरल्यावर पाच मिनिटे थांबून ते पाहावे.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजेच आपली राणीची बाग, हे लहान मुलांसाठी मुंबईतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे सुख आहे असे माझे मत झाले. आम्हा चौघांचे तिकीट १०० रुपयांत झाले आणि तेवढ्यात मुलांनी पेंग्विन पाहिले, वाघ पाहिला आणि शंभर-दीडशे वर्षांच्या झाडांच्या सावलीत आम्ही घरून आणलेले धपाटे व शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, म्हणजे ते मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय आहे. आत जुन्या मुंबईतील कारागीर, फेरीवाले आणि निरनिराळ्या समाजांचे लोक यांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. आमच्या नातीने त्यांच्यासमोर जवळजवळ तास काढला. प्रत्येक मूर्तीचे पागोटे वेगळे आहे हे तिच्याच लक्षात आले. आपल्या पणजोबांचे पागोटे यांतले कोणते, असा प्रश्न तिने विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

संग्रहालयाच्या बाहेर बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्या अंगावरचे सांधे जवळ गेल्यावर स्पष्ट दिसतात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीज लोक त्या बेटावर आले तेव्हा धक्क्याजवळ हा हत्ती होता आणि त्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तुटला, त्याचे तुकडे या बागेत आणले गेले आणि पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. नातवाने त्याच्या पायावर हात ठेवला आणि तो भेगेवरून बोट फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी घारापुरीला जायचे असल्याने मी त्याला एवढेच सांगितले की, उद्या आपण याचे घर पाहणार आहोत. त्या एका वाक्याने दुसऱ्या दिवसाची बोट, १२० पायऱ्यांची चढण आणि ऊन या सगळ्यांचा त्रास निम्मा झाला. हत्ती आधी आणि लेणी नंतर, हा क्रम इतर पालकांनीही अवश्य ठेवावा.

घारापुरीच्या सहलीत बोटीचे भाडे हाच मोठा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही. गेट वे ऑफ इंडियापासून बेटापर्यंत सुमारे एक तास लागतो. डिसेंबर २०२४ मधील दुर्घटनेनंतर बोटीत जीवरक्षक जाकिटांबाबत कडकपणा आला आहे. आम्हाला ती सुटण्यापूर्वीच घालावयास लावली, हे चांगले झाले. लेण्यांचे तिकीट मोठ्यांना ४० रुपये आणि १५ वर्षांखालील मुलांना मोफत आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही आणि मग समोर सुमारे वीस फूट उंचीचा तीन मुखांचा सदाशिव हळूहळू उमटू लागतो. त्या क्षणी आमच्या आजूबाजूची वीस-पंचवीस माणसे एकदम बोलायची थांबली होती. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले हे लेणे पाहण्यासाठी परदेशातून लोक येतात आणि आपल्याच राज्यातील असंख्य माणसांनी ते केवळ पाठ्यपुस्तकात पाहिलेले असते, याची मला फार खंत वाटते. या बेटावर वीज पोहोचली ती २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या केबलने. तेथील गावकऱ्यांची घरे लिंबूपाणी, काकड्या आणि कणसे विकून चालतात. तेव्हा डबा घरचा न्यावा हे खरे असले तरी पाणी आणि एखादी काकडी त्यांच्याकडून घ्यावी. माकडांपासून मात्र पिशवी सांभाळावी.

तिसरा दिवस बहुतेक पायी आणि जवळजवळ फुकटचा होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत आपण गाडी पकडण्याच्या घाईत कधी मान वर करून पाहत नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ती उभी राहिली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. तिच्या भिंतींवर मोर, माकडे, पाने, फुले असे इतके दगडी काम आहे की मुलांना ‘कोण जास्त प्राणी शोधतो’ असा खेळ लावून आम्ही अर्धा तास समोरच्या पदपथावर उभे राहिलो. समोरचे महापालिकेचे मुख्यालयही त्याच स्टीव्हन्सचे आहे. तेथून चालत हुतात्मा चौकात गेलो. मशाल उंचावलेले शेतकरी आणि कामगार यांचे ते शिल्प पाहताना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याविषयी मी जे सांगितले, ते नातीने त्या वयाच्या मुलाला शोभेल अशा गांभीर्याने ऐकले. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या स्मारकासमोर महाराष्ट्राच्या प्रत्येक मुलाने एकदा तरी उभे राहायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पुढे हॉर्निमन सर्कलची बाग आणि १८३३ मधल्या टाऊन हॉलच्या पायऱ्या. तेथे बसून केळी खाल्ली. जहांगीर कलादालनात प्रवेश विनामूल्य आहे आणि तेथे अनेकदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेले असतात. आमच्या नातवाने एका चित्रकाराला ‘हे काढायला किती दिवस लागले?’ असे विचारले आणि त्या गृहस्थांनी त्याला शेजारी बसवून कागदावर कुंचला कसा धरायचा ते दाखवले. या भेटीला पैसा लागला नाही. दुपार उतरल्यावर ओव्हल मैदानाच्या कडेला बसलो. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई मनोरा, दुसऱ्या बाजूला गोलाकार सज्जांच्या, विसाव्या शतकातल्या इमारती, आणि मधे एकाच वेळी चाललेले दहा-बारा क्रिकेटचे सामने. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने ज्यासाठी देणगी दिली तो राजाबाई मनोरा २८० फूट उंच आहे, हे सांगितल्यावर नातवाने आमच्या भगवंत मंदिराच्या शिखरावर किती शिखरे ठेवली म्हणजे तेवढी उंची होईल याचा हिशेब मांडला.

संध्याकाळी टर्मिनसपासून नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या नाट्यगृहापर्यंत जाणाऱ्या ११५ क्रमांकाच्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या आसनावर बसून मरीन ड्राइव्हला गेलो. जुन्या लाल दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. आता विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बस आहेत आणि त्यांची काच मोठी असल्याने मुलांना सगळा रस्ता दिसतो. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले. आम्हा दोन दिवसांच्या पाहुण्यांना ते फारसे जाणवले नाही, परंतु ज्यांचा रोजचा प्रवास त्यावर आहे त्यांच्यासाठी ही वाढ मोठी आहे आणि शिवाय गाड्याच कमी होत चालल्याने थांब्यावर तिष्ठत राहावे लागते. बस हे कमी पैशांत शहर दाखवणारे उत्तम साधन आहे. कंडक्टरने आम्हाला दोनदा आपणहून थांब्याचे नाव सांगितले, आणि एकदा तर गाडी थांबल्यावर पत्नी पूर्णपणे उतरेपर्यंत घंटी दिली नाही. अशा माणसांमुळे अनोळखी शहराची भीती जाते.

मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आम्ही दोन तास बसलो. दिवे लागताना पाहिले, भरती पाहिली. शेजारी बसलेले एक कुटुंब नागपूरचे होते आणि दुसरे बहुधा कोट्यधीश असावे, कारण ते समोरच्याच इमारतीतून चालत आले होते. त्या कठड्यावर सगळे सारखेच बसले होते. तो वारा, तो समुद्र आणि ती राणीच्या हारासारखी दिव्यांची माळ यांना तिकीट नाही. मुंबईचे हे सार्वजनिक वैभव आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते ते केवळ त्यांच्यावर अजून कोणी दर लावलेला नाही म्हणून. याच कारणासाठी, उद्या सुशोभीकरणाच्या किंवा देखभालीच्या नावाखाली बागा, चौपाट्या, किनाऱ्यावरचे पदपथ यांवर प्रवेशशुल्क किंवा केवळ मोबाइलवरून नोंदणी आली, तर तिला नागरिकांनी आताच विरोध करायला हवा. मलबार हिलवर झाडांतून जाणारा नवा उन्नत मार्ग झाला आहे असे ऐकून आम्ही उत्सुक होतो. त्याचे २५ रुपयांचे तिकीट मुळीच जास्त नाही, परंतु वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवावी लागते आणि आमच्याजवळचा फोन साधा. आम्ही तो बेत सोडला. प्रत्येक ठिकाणी रोख पैसे घेणारी एक खिडकी उघडी ठेवावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

जेवणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पहिला दीड दिवस घरची शिदोरी पुरली. कडक भाकरी, दशम्या आणि चटणी हे सोलापूरकडच्या माणसाला कोठेही तारतात. त्यानंतर सकाळी उसळपाव किंवा इडली, दुपारी उडप्याकडे राईस प्लेट, संध्याकाळी वडापाव आणि कटिंग चहा. ज्या उपाहारगृहात कार्यालयांतले शिपाई, कारकून आणि हमाल दुपारी रांग लावतात तेथे जावे. अन्न ताजे असते आणि बिल पाहून घाम फुटत नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले त्या विषयाकडे येतो. आमच्या ९,६४० रुपयांपैकी ३,६०० रुपये दोन रात्रींच्या खोलीचे गेले. म्हणजे सर्वांत मोठी रक्कम अशा गोष्टीवर गेली, जिच्यात आम्ही डोळे मिटून पडून होतो. तीही सुखासुखी नाही. एका लॉजवर आधी फोन केला तेव्हा रात्रीचे १,४०० रुपये सांगितले होते. सकाळी साडेसात वाजता चार माणसे आणि तीन पिशव्या घेऊन दारात उभे राहिल्यावर तोच दर १,८०० झाला आणि खोली दुपारी बारापूर्वी हवी असेल तर आणखी अर्ध्या दिवसाचे पैसे मागण्यात आले. रात्रभर प्रवास केलेली मुले पिशवीवर डोके ठेवून पेंगत होती. दुसरीकडे शोधत फिरण्याची माझ्या पत्नीची ताकद नव्हती. आम्ही दर मान्य केला, सामान पुन्हा स्थानकावर नेऊन क्लोकरूममध्ये ठेवले आणि प्रतीक्षालयाच्या स्नानगृहात तोंडे धुऊन भायखळ्याला गेलो. क्लोकरूममध्ये प्रत्येक पिशवीला कुलूप असावे लागते. आमच्या एका कापडी पिशवीला ते नव्हते, म्हणून ती पिशवी दिवसभर माझ्या खांद्यावर राहिली. येणाऱ्यांनी छोटी कुलपे सोबत ठेवावीत.

हे काही केवळ आमच्यासोबत घडले असे नाही. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरणारे प्रत्येक कुटुंब या अडचणीतून जाते. रेल्वेची विश्रामगृहे आणि डॉर्मिटरी आहेत, पण खाटा मोजक्या आणि मागणी अमाप. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा प्रसिद्ध आहे, मात्र तेथील जागा कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णांची आहे आणि सहलीला आलेल्या माणसाने तिच्याकडे डोळा ठेवणे मला पाप वाटते. ओळखीचा आमदार असेल तर आमदार निवासातील खोलीचा रस्ता ग्रामीण भागात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची ओळख नाही, त्यांनी काय करावे?

मी पहिल्यांदा मुंबईला गेलो तो १९७४ साली, चौदा वर्षांचा असताना. तेव्हा आमच्या गावचे काहीजण गिरणीत होते आणि लालबागला त्यांची मिळून एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसे येत, झोपत आणि जात. गावाकडून आलेल्या पाहुण्याला चाळीच्या गॅलरीत सतरंजी मिळे आणि जेवणाची सोय खाली खानावळीत होई. खानावळ चालवणाऱ्या बाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, ‘शिकतोयस ना, मग शीक’ एवढेच म्हणाल्या. अशा खानावळवाल्या स्त्रियांनाच एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्यामागे गावकऱ्यांच्या खोल्या गेल्या आणि खेड्यातल्या माणसाचे मुंबईतले हक्काचे टेकण्याचे ठिकाणही गेले. त्या जागी जे उभे राहिले, त्यात आमच्यासाठी काही नाही.

पुन्हा तशा खोल्या होणार नाहीत हे मला समजते. मात्र लाखो पाहुण्यांची सोय कशी करायची हे या शहराला शिकवावे लागत नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांसाठी शिवाजी पार्कवर मंडप, पाणी, शौचालये, वैद्यकीय मदत यांची व्यवस्था महापालिका करते. तेच सामर्थ्य अगदी लहान प्रमाणात, वर्षभर का वापरू नये? महापालिकेच्या शाळा दिवाळीत आणि मे महिन्यात रिकाम्या असतात. दक्षिण व मध्य मुंबईतील दोन-तीन शाळांमध्ये, सुटीच्या काळापुरती, माणशी ठरावीक रकमेत गादी, कुलूपबंद कपाट आणि स्वच्छ स्नानगृह एवढी सोय करून ती स्थानिक महिला बचत गटांकडे चालवायला देता येईल. एसटी महामंडळाच्या मुंबई सेंट्रल आणि परळ येथील आगारांत कुटुंबांसाठी एक मोठे निवासदालन बांधता येईल, जेथे सकाळी सहा वाजता येणाऱ्याला अर्ध्या दिवसाचा दंड न भरता आंघोळ करता येईल. हे फुकट नको. योग्य दर घ्यावा, तो फलकावर लिहावा आणि फोनवर सांगितलेला दर दारात बदलू नये.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट, जी पुरुष क्वचित बोलतात. तिन्ही दिवस माझी पत्नी दुपारी पाणी पीत नव्हती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “जायला जागा कुठं आहे?” फोर्टपासून गिरगाव चौपाटीपर्यंत चालताना स्त्रियांना वापरता येईल असे स्वच्छ शौचालय आम्हाला ज्या अंतराने सापडले, ते अंतर एका साठीच्या बाईसाठी फार आहे. ज्या शहरात एवढे पाहण्यासारखे आहे, तेथे पाहायला आलेली बाई तहानलेली राहते ही शरमेची बाब आहे. पाच-दहा रुपये देण्याची तिची तयारी होती. आत पाणी, कडी आणि दिवा असावा, एवढेच तिचे म्हणणे होते.

आमच्या वहीत या तीन दिवसांतील प्रत्येक खर्च, बसचे क्रमांक, बंद असण्याचे वार आणि कोणत्या ठिकाणी शौचालय सापडले त्याची नोंद आहे. आमच्या गल्लीतील दोन कुटुंबे येत्या मे महिन्यात मुंबईला जाणार असून वही सध्या त्यांच्याकडे आहे. पत्नीने तिच्या पहिल्याच पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : ‘लॉजचा दर फोनवर विचारला तरी लेखी मागवा, पिशव्यांना कुलुपे घ्या, आणि हत्ती आधी पाहा.’ मे महिन्यापूर्वी महापालिका किंवा एसटी महामंडळ यांपैकी कोणी मुक्कामाबाबत काही निर्णय घेतल्यास आपल्या वृत्तपत्राने तो जिल्हा आवृत्त्यांमध्येही ठळकपणे छापावा, ही विनंती. मुंबई आवृत्तीत आलेली बातमी आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
बार्शी, जि. सोलापूर